भोक कुणी पाडलं? जपानी दिव्यांच्या एका जोडीचं प्रकरण

"भाऊजी, दिवा चावतो हो," असा वहिनींचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो. पितळी टोपीला हात लागला की बोटांत झिणझिण्या येतात, पण रोज नाही. प्लग एका बाजूनं खोचला तर येतात, उलटा खोचला तर येत नाहीत. प्लग उलटा करून बघायचं ज्या बाईला सुचलं तिला निदान मी वेगळं काय सांगणार? तरी म्हटलं, दोन्ही दिवे भिंतीतून काढून ठेवा, मी येतो.

आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहतो. ह्याच गावातल्या मेन्लो पार्कमध्ये 1879 साली एडिसनचा दिवा तासन्‌तास जळत राहिला आणि पुढे 1954 साली गावानं त्याचंच नाव घेतलं. मी विद्युत अभियंता, आता निवृत्त. गॅरेजमध्ये लोकांचे जुने दिवे दुरुस्त करत बसतो. गावाच्या नावाला जागतो, असं आमच्या घरी म्हणतात. ते कौतुकानं म्हणतात की कसं, ह्यात मी पडत नाही.

दिव्यांची ही जोडी वहिनींनी जवळच्या एका जुन्या घराच्या आवराआवरीच्या विक्रीत 160 डॉलरला घेतली होती. फुलदाण्यांचेच दिवे केलेले: खाली लाकडी बैठक, वर पितळी टोपी, त्यावर होल्डर आणि पिवळी पडलेली रेशमी शेड. फुलदाणी साधारण 38 सेंटीमीटर उंच, खरबुजासारख्या उभ्या फाकांची. निळा, विटकरी लाल आणि सोनेरी अशा तीन रंगांत शेवंतीची फुलं, हो-ओ म्हणजे जपानी पुराणकथांतला फिनिक्ससारखा पक्षी, आणि मध्ये मध्ये पांढऱ्या चौकटी. वहिनींच्या जावईबापूंनी फोनवर तशाच फुलदाण्यांचे भाव बघून ठेवले होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. हा जुना जपानी माल आहे, कुणा अडाण्यानं भोकं पाडून त्याचे दिवे केलेत. भोकं बुजवायची, पुन्हा फुलदाण्या करायच्या आणि विकायच्या. वहिनींना दिवेच हवे होते, फक्त न चावणारे. शिवाय त्यांचा एक प्रश्न होता: "हे घासून धुता येतात का?"

मी बघताक्षणी सांगून टाकलं, "इमारी आहे. 1880 ते 1900 च्या मधली जोडी." अर्ध्या बाबतीत मी चुकलो होतो. ते कसं कळलं, तेच हे प्रकरण.

इमारी हे बंदराचं नाव. माल तिथून जहाजात चढायचा. घडायचा जवळच्या अरितामध्ये, क्यूशू बेटावर. सोळाव्या शतकाच्या अखेरीस जपानचा सत्ताधीश हिदेयोशी ह्यानं कोरियावर स्वाऱ्या केल्या आणि परतताना त्याच्या सरदारांनी तिथले कुंभारही आणले. त्यातल्या यी साम-प्योंगला इझुमियामाच्या डोंगरात चिनी मातीचा दगड सापडला, असं अरितात मानतात. साल सांगतात 1616. पुढे चीनमध्ये मिंग राजवट कोसळली, तिथल्या भट्ट्यांचा माल येईना, तेव्हा नागासाकीच्या देजिमा बेटावर वखार असलेल्या डच कंपनीनं अरिताकडे मोर्चा वळवला. 1650 च्या दशकापासून हा माल युरोपात जाऊ लागला. (आपण मराठीत जपानी भांड्यालाही चिनी मातीचंच म्हणतो. अरिताकरांना ते आवडणार नाही, पण त्याला इलाज नाही.)

वहिनींची जोडी त्या डच काळातली नव्हती, एवढं निळ्यावरून दिसत होतं. जुना निळा हा नैसर्गिक खनिजाचा, जपानीत त्याला गोसू म्हणतात. तो जरा राखाडी, मऊ असतो आणि कडेला विरघळल्यासारखा दिसतो. 1870 मध्ये गॉटफ्रीड वागेनर हा जर्मन रसायनतज्ज्ञ अरिताला आला, त्यानं कारखान्यात बनलेला कोबाल्ट वापरायला शिकवलं. तेव्हापासून निळा एकसारखा, गडद, थोडा जांभळट झाला. इथे तोच होता. 1873 चं व्हिएन्ना, 1876 चं फिलाडेल्फिया अशी जागतिक प्रदर्शनं, पाश्चात्त्य दिवाणखान्यांना चढलेला जपानचा ज्वर, आणि जोडीजोडीनं विकल्या जाणाऱ्या फुलदाण्या. माझा अंदाज ह्याच चौकटीत बसत होता, म्हणून मी निश्चिंत झालो. निश्चिंत झालो की मी खाली बघायचं विसरतो.

गॅरेजमध्ये आधी पहिला दिवा उलटा केला. लाकडी बैठक निघाली, तिच्यावरची हिरवी बनात कुजून भुगा झाली होती. मधून जाणाऱ्या लोखंडी नळीचा नट गंजून चिकटलेला. इथे पान्याला जोर लावायचा नसतो, कारण नट फिरण्याऐवजी नळी फिरते आणि तिच्या धक्क्यानं तळ तडकतो. रात्रभर तेल सोडून ठेवलं. सकाळी नट सुटला, पण सुटता सुटता भोकाच्या काठावरचा ज्वारीच्या दाण्याएवढा टवका माझ्याच हातून उडाला. तो मी डबीत ठेवलाय आणि वहिनींना दाखवलाय.

तळाशी लाल अक्षरांत कर्त्याची खूण होती. म्हणजे एकेकाळी होती. गिरमिट नेमकं तिच्या मधून गेलं होतं. सहा-सात अक्षरांच्या ओळींतलं शेवटचं एकच अक्षर धड उरलं होतं: 'झो'. त्याचा अर्थ 'घडवलं'. कुणी घडवलं ते भोकातून गेलं.

भोक मात्र बोलकं होतं. काठ खरबरीत, त्यावर झिलई नाही, उघडी माती फुटलेल्या खडीसाखरेसारखी पांढरी. फोनचा कॅमेरा तोंडातून आत सोडला तर आतल्या बाजूला काठाभोवती शिंपल्यासारखे टवके दिसले. म्हणजे भट्टीतून निघून पक्क्या झालेल्या भांड्याला कुणीतरी तळाकडून भोक पाडत नेलं आणि पलीकडे पोचता पोचता माती आत फुटली. आज हिऱ्याच्या कडेचं ड्रिल आणि थंड पाण्याची धार वापरतात. जुन्या काळी पोकळ नळीखाली कुरुंदाची ओली पूड घालून ती फिरवत बसायचे. हे दुसऱ्या पद्धतीचं दिसत होतं, कारण भिंत किंचित निमुळती झिजली होती. जावयांचा आरोप इथवर खरा ठरला.

मग पितळी टोपी काढली. तिच्याखाली फुलदाणीच्या ओठाचा तीन सेंटीमीटर लांबीचा तुकडा कधीतरी तुटून पुन्हा चिकटवलेला होता आणि शेजारी एक चीप कायमची गायब होती. जोडावर अतिनील टॉर्च मारला तर तो नारिंगी चमकला. म्हणजे लाखेचा डिंक, शेलॅक. टोपी बरोबर त्या दुखण्याच्या मापाची केली होती, ओठावरून दोन बोटं खाली उतरणारी.

इथे मी पान्हे ठेवले आणि चहा केला, कारण प्रकरणाची दिशा फिरली होती. जावईबापूंच्या कथेत एका धडधाकट फुलदाणीचा कुणी अडाण्यानं सत्यानाश केला होता. टेबलावरची वस्तू सांगत होती की ओठ फुटलेली फुलदाणी, जी त्या काळच्या दिवाणखान्यातून माळ्यावर आणि माळ्यावरून उकिरड्यावर गेली असती, ती दिवा झाल्यामुळे टेबलावर टिकली. आधी ओठ फुटला की आधी भोक पडलं, हे शपथेवर सांगता येत नाही. पण टोपीचा घेर बघता माझं मत पहिल्याकडे झुकतं.

फुलदाणीचा दिवा करणं ही काही अमेरिकन गिऱ्हाइकाची नवी खोड नव्हे. अठराव्या शतकात पॅरिसचे व्यापारी चिनी-जपानी भांड्यांना सोन्याचा मुलामा दिलेल्या कांस्याच्या बैठका आणि कडा चढवून विकायचे. एकोणिसाव्या शतकात तेलाचे दिवे आले, तेव्हा फुलदाणीच्या तोंडात तेलाची टाकी अलगद बसवायचे. भांड्याला ओरखडाही नाही, टाकी उचलली की पुन्हा फुलदाणी. विजेला मात्र वायर लागते आणि ती खाली, टेबलाच्या मागे जायला हवी. म्हणून भोक. खरं तर भोकाशिवायही जमतं: तोंडात रबरी किंवा बुचाचा गुडदा बसवायचा आणि वायर होल्डरच्या बाजूनं बाहेर काढायची. दिसायला ते थोडं गबाळं. पण आज कुणी धड फुलदाणी घेऊन माझ्याकडे आलं तर मी एवढंच करून देतो. ड्रिल मागितलं तर हात जोडतो.

भोकाचा एक नमुना माझ्या फार आवडीचा आहे. इंग्लंडच्या नॉर्थंबरलँडमधल्या क्रॅगसाइड ह्या आपल्या घरात कारखानदार विल्यम आर्मस्ट्राँगनं 1880 च्या सुमारास पाण्यावर वीज करून जोसेफ स्वानचे दिवे लावले. ग्रंथालयातले काही दिवे फुलदाण्यांवर होते. त्या मातीच्या नव्हत्या, तांब्यावर मीनाकाम केलेल्या होत्या. दिव्याकडे जाणारी वायर त्यानं तळाच्या भोकातून वर नेली आणि परतीचा प्रवाह चक्क फुलदाणीच्या अंगातून सोडला. बैठकीत पाऱ्याची वाटी होती. फुलदाणी ठेवली की दिवा लागायचा, उचलली की विझायचा. आज कुणी असं केलं तर तपासनीस घरालाच कुलूप घालेल.

वहिनींचा दिवा नकळत त्याच वाटेनं निघाला होता. वायर कापडी वेष्टणाची, आतलं रबर वाळून बिस्किटासारखं तुटत होतं. नळीच्या खालच्या तोंडाशी वायर काटकोनात वळत होती, तिथे रबर झडून एक तार लोखंडाला टेकली होती. नळीला टोपी जोडलेली, म्हणजे टोपीतही प्रवाह. प्लगची दोन्ही पाती सारख्या रुंदीची, त्यामुळे तो कसाही बसायचा. एका बाजूनं बसला तर टेकलेली तार न्यूट्रल व्हायची आणि दिवा गरीब वागायचा, दुसऱ्या बाजूनं ती फेज व्हायची. फुलदाणीला स्वतःला हात लावला तर मात्र काही होत नव्हतं, कारण चिनी माती ही विजेची पक्की वैरीण. आणि हे अरिताकरांइतकं कुणाला ठाऊक असणार? तिथल्याच फुकागावा एइझाएमोननं 1870 च्या दशकात जपानी तारखात्यासाठी चिनी मातीचे इन्सुलेटर करायला घेतले. 1875 मध्ये त्यानं उभी केलेली कोरान्शा कंपनी फुलदाण्याही करायची आणि खांबांवरचे हे पांढरे कपही.

आता दुसरा दिवा. इतक्या वेळ तो 'जोडीतला दुसरा' म्हणून बाजूला पडला होता. त्याचा नट मात्र गंजलेला नव्हता, सहज सुटला. तळ उलटा केला आणि मी स्वतःशीच हसलो. भोकाचा काठ गुळगुळीत, गोलसर, आणि त्यावरून झिलई आत वळलेली. हे भोक कुणी पाडलंच नव्हतं. मऊ मातीत कापून ते भांडं भट्टीत घातलं होतं. मातीबरोबर तेही आकसलं आणि किंचित लांबट झालं. म्हणजे ही फुलदाणी एक दिवससुद्धा फुलदाणी नव्हती. तिचा जन्मच दिवा म्हणून झाला होता.

मग बाकीचं दिसायला लागलं. पहिलीच्या शेवंतीच्या पाकळ्या हातानं ओढलेल्या, एकीसारखी दुसरी नाही, कुंचला टेकवला तिथे रंग दाट. दुसरीवर प्रत्येक पाकळीची बाह्यरेषा सारख्याच जाडीची, आणि भिंगातून बघितली तर छापाची: कागदावरून उतरवलेलं चित्र, वरून हातानं थोडासा लाल. पहिलीचं सोनं मंद आणि फाकांच्या उंचवट्यांवर झिजलेलं, दुसरीचं आरशासारखं लखलखीत. दुसरी आतूनही फाकांची, म्हणजे साच्यात ओतलेली. एकट्या साच्यावरून वय ठरत नाही हे खरं, कारण प्लास्टरच्या साच्याची विद्या जपानी मंडळी व्हिएन्नाच्या 1873 च्या प्रदर्शनाहूनच घरी घेऊन आली होती. पण बैठकीखाली चंदेरी कागदी लेबलाचा अर्धा तुकडा चिकटलेला सापडला, त्यावर इंग्रजीत 'मेड इन ज' एवढं वाचता आलं.

ह्या अक्षरांना अमेरिकेत महत्त्व आहे. 1890 च्या जकात कायद्यानं आयात मालावर देशाचं नाव 1891 पासून सक्तीचं केलं. जपानी लोक सुरुवातीला 'निप्पॉन' लिहायचे. 1921 मध्ये जकात खात्यानं ते अमान्य केलं आणि 'जपान' लिहायला लावलं. त्यामुळे 'ज' दिसला की वस्तू 1921 च्या अलीकडची, असं धरायला हरकत नाही. छापाचं काम आणि वायरीचं प्लास्टिक बघून मी ती दुसऱ्या महायुद्धानंतरची मानतो. पहिलीवर देशाचं नाव इंग्रजीत कुठेच नव्हतं. त्यावरून ती 1891 च्या आधीची, असं लगेच म्हणणं घाईचं होईल, कारण नाव कधीकधी कागदावर असायचं आणि कागद काय, गळून जातो. निळा, सोनं आणि हाताचं काम बघता एकोणिसाव्या शतकाचा शेवट एवढंच मी लिहून दिलं.

म्हणजे ही जोडी नव्हती. कुणाच्या तरी घरी मूळ जोडीतला एक फुटला असेल, किंवा वाटणीत गेला असेल, आणि उरलेल्या एकट्याला मग बाजारातून जोडीदार शोधून आणला असेल. उंचीत जेमतेम पाच मिलिमीटरचा फरक. शोधणाऱ्याची नजर चांगली होती. माझ्यापेक्षा तर नक्कीच.

रविवारी जावई आले. दोन्ही तळ शेजारी मांडून दाखवले. ते मुलाखत घेतल्यासारखे प्रश्न विचारत होते, आणि त्यांचे प्रश्न बरोबर होते. भोक बुजवता येईल का? येईल. एपॉक्सीनं भरून वर रंग दिला तर साध्या डोळ्याला दिसणारही नाही, पण टॉर्चखाली दिसेल. सांगून विकलं तर ती दुरुस्ती, न सांगता विकलं तर लबाडी. सांगून विकायचं तर भोक, ओठाचा जोड आणि गेलेली खूण अशी तीन दुखणी सांगावी लागतील. संग्राहक हात लावणार नाही आणि दिवा हवा असलेल्या माणसाला दिवा मिळणार नाही. शिवाय गेलेली अक्षरं एपॉक्सीतून परत येत नाहीत. दुसरीचं तर भोक बुजवणं म्हणजे तिच्या जन्मखुणेवरच पुट्टी लावणं. मी म्हटलं, "तुम्हाला हवं तर करून देतो, पण माझं मत विचाराल तर दिवेच राहू द्या. अंगाला नवीन काही करू नका. जे करायचं ते पुढच्या माणसाला सोडवता येईल असं करा." ते थोडे हिरमुसले. वहिनी म्हणाल्या, "मी केव्हापासून हेच सांगतेय, मला उजेड हवाय."

कामाला दोन संध्याकाळी लागल्या. नळी दोन्हींची नवी, भोकात नायलॉनची बाही आणि वर-खाली रबरी वायसर, म्हणजे धातू मातीला कुठेच टेकत नाही. नट बोटानं बसेल तितका, वर पाव फेरा. ह्याहून आवळला तर पुढच्या हिवाळ्यात-उन्हाळ्यात धातू फुगेल-आकसेल आणि त्याचा ताण तळावर येईल. नवा प्लग एक पातं रुंद असलेला, त्यामुळे तो एकाच बाजूनं बसतो. वायरीची रेघांची बाजू न्यूट्रल, ती होल्डरच्या चंदेरी स्क्रूला. गुळगुळीत बाजू फेज, ती पितळी स्क्रूला, म्हणजे बल्बच्या तळाच्या टिकलीला. होल्डरमध्ये अंडररायटरची गाठ, म्हणजे वायर ओढली गेली तरी ताण स्क्रूवर येत नाही. शेवटी 500 व्होल्टच्या मेगरनं, म्हणजे वीज कुठे गळते का ते बघायच्या यंत्रानं, तारा आणि टोपी ह्यांच्यामध्ये तपासलं. दोन्ही स्वच्छ.

बल्ब मी हट्टानं एलईडी दिले, आठ वॅटचे, 2700 केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे. जुन्या 60 वॅटच्या बल्बची बहुतेक ताकद उष्णतेत जाते, आणि ती उष्णता थेट त्या शेलॅकच्या जोडावर उतरायची. शेलॅक गरम झाला की मऊ पडतो. जोड मी उकलला नाही. धरून आहे, टोपीखाली आहे, त्याला उगाच जागं का करा?

धुण्याच्या प्रश्नाचं उत्तर वहिनींना फारसं रुचलं नाही. निळा झिलईच्या खाली आहे, त्याला काही होत नाही. लाल आणि सोनेरी मात्र झिलईच्या वर, नंतरच्या कमी आचेच्या भट्टीत चढवलेले. भांडं सुमारे 1300 अंशांवर पक्कं होतं, हे वरचे रंग 800 च्या आसपास. त्यामुळे ते घासलं की जातात. पहिलीच्या उंचवट्यांवरचं सोनं काळानं नव्हे, फडक्यानं खाल्लंय. कापसाचा बोळा, कोमट पाणी, साबणाचा एक थेंब, आणि सोन्यावर तोही नाही. डिशवॉशरचं नाव काढलं तेव्हा मी बहुधा आवाज चढवला.

बनात नवी लावली, पण पहिलीच्या बैठकीत ती चिकटवली नाही, नुसती बसवली. उचलली की 'झो' दिसतो. आत एक चिठ्ठी ठेवली: काय सापडलं, काय बदललं, कुठला टवका माझ्या हातून उडाला, आणि तारीख. दुसरीच्या आत तिचं अर्धं लेबल पारदर्शक पाकिटात.

आठ महिन्यांनी दिवाळीला गेलो तेव्हा दोन्ही दिवे सोफ्याच्या दोन्ही बाजूंना होते. मी टोपीला हात लावून बघितला, सवय. वहिनींनी कुठला जुना ते पाहुण्यांना ओळखायला लावायचं खूळ काढलंय. बहुतेक जण दुसरीकडे बोट दाखवतात, कारण तिचं सोनं जास्त चमकतं. जावईबापू मात्र आता न बोलता प्लग काढतात, दिवा उलटा करतात आणि भोकाच्या काठावरून बोट फिरवून सांगतात.